क्लच म्हणजे घट्ट पकडणे

मी इंग्रजी शिकवत नाही, करून दाखवते. परळच्या एका मराठी शाळेत माझी नोकरी झाली. आता लालबागला आमच्या चाळीतल्या खोलीत संध्याकाळच्या शिकवण्या घेते. दोन्हीकडे पद्धत एकच: शब्द फळ्यावर लिहायचा आणि त्याचं सोंग आणायचं. 'स्टॅगर' शिकवताना मी वर्गात अशी झोकांड्या खात शिरले की शेजारच्या वर्गावरचे सर पाण्याचा ग्लास घेऊन धावत आले होते.

धरण्याचा धडा माझा सगळ्यात लाडका. फळ्यावर एकाखाली एक लिहायचं: होल्ड, ग्रिप, ग्रास्प, क्लिंग, क्लच. मुलं म्हणायची, बाई, सगळ्यांचा अर्थ धरणेच आहे. मग मी पदर खोचायचे. डस्टर नुसता हातात घेतला की होल्ड. तोच बॅटीसारखा आवळला की ग्रिप. ग्रास्प हाताने होतं तसं डोक्यानेही होतं, म्हणून एका हाताने हवेतली माशी पकडायची आणि दुसऱ्याने कपाळावर टिचकी मारायची. क्लिंगसाठी मी पडद्याला मांजरीच्या पिल्लासारखी लोंबकळायचे. पुढे मुख्याध्यापकांनी माझ्या वर्गातले पडदेच काढून टाकले.

आणि शेवटी क्लच. पहिल्या बाकावरच्या कुणाची तरी कॉलर मी अशी गच्च धरायचे की तो बिचारा पांढरा पडायचा. मग वर्गाला विचारायचे, "घाबरलंय कोण?"

"हा, बाई."

"चूक. घाबरलेय मी. हा सुटून जाईल म्हणून."

मग सांगायचे, गणपतीच्या दिवसांत लालबागच्या गर्दीत लहान मूल आईचा पदर मुठीत धरून चालतं ना, ते क्लच. होल्डमध्ये वस्तू असते, क्लचमध्ये भीती असते. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडायचं की त्यानंतर मी थोडी थांबायचे, टाळ्या येतील अशा बेताने. टाळ्या कधी आल्या नाहीत. टोपणनाव मात्र आलं. परळपासून लालबागपर्यंत मला क्लचबाई म्हणतात, आणि मला ते कळत नाही असं त्यांना वाटतं.

मराठी कमी आहे असं नाही. 'धरणे' या शब्दाला आपण जेवढं राबवून घेतलं आहे तेवढं गिरणीतल्या साच्यालाही कुणी राबवलं नसेल. बाळ बाळसं धरतं, सासू राग धरते, सून अबोला धरते, झाड मूळ धरतं, युनियन धरणं धरते. हात धरला तर मंगलाष्टकं, हात धरून गेली तर पोलीस चौकी. पण भीतीने धरण्याला आपल्याकडे वेगळा शब्द नाही, असं मी ठासून सांगायचे. इंग्रजीत आहे, आणि तो लालबागमध्ये मला जितका कळला तितका कुणालाच नाही, हेही त्यात आलंच.

घरात याला विरोध फक्त एका माणसाचा. आमचे हे बसच्या डेपोत मेकॅनिक होते. लग्नानंतर त्यांनी मला पहिल्यांदा शिकवताना ऐकलं तेव्हा दाराशी उभं राहून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमचं इंग्रजी उलटं आहे. क्लच म्हणजे पकडणे म्हणता. आम्ही क्लच दाबतो तेव्हा इंजिन चाकांना सोडतं."

"मग पाय काढल्यावर काय करतं?"

"पकडतं."

"मग झालं तर. बसा गप्प."

"गप्प बसतो. पण पाय हळू काढायचा असतो. झटकन काढला की गाडी गचका खाते आणि बंद पडते. हे तुमच्या पुस्तकात आहे का?"

आमच्या संसारातला हा कायमचा विनोद आहे. कुणी हातातलं काही झटकन सोडलं, की हे म्हणणार, हळू सोडा, गाडी बंद पडेल.

एवढी प्रस्तावना करण्याचं कारण, हे सगळं माझ्याजवळ होतं. शब्द होता, त्याचा अर्थ होता, घरात मेकॅनिकसुद्धा होता. तरीही या वैशाखात माझ्या एकुलत्या एक मुलीच्या साखरपुड्यात मी जे केलं ते केलं.

मुलगा गिरगावातला. त्यांच्याकडे आजोबांपासून सगळे कचेरीत, बोलणं स्वच्छ, पुण्यात शोभेल असं. वाक्य सुरू केलं की क्रियापदापर्यंत जाऊनच थांबणारी माणसं. आमच्याकडे माझे वडील आणि सासरे दोघेही गिरणीत, मूळ मालवणकडचे, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून हाताने पुरं करण्याची आमची रीत. पहिल्या भेटीत विहीणबाईंनी मला विचारलं, "आपण काय करता?" मी पाठ सरळ करून म्हटलं, "इंग्रजी शिकवते." नुसतं 'शिकवते' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते एक इंग्रजी मी आमच्या बाजूच्या पारड्यात टाकून बसले होते.

आता अंगठीचं. जावयासाठी केलेली अंगठी खरं म्हणजे माझ्याकडे राहायची. मुलीच्या आईकडेच राहते. पण आदल्या दिवशी सराफाकडून बाहेर पडताना लेकीने डबी स्वतःच्या हातात घेतली.

"आई, ही माझ्याकडे राहू दे."

"का? मी काय हरवते?"

"हरवत नाहीस. जपून ठेवतेस."

हे खरं होतं. मी आजवर एकही वस्तू हरवलेली नाही. मी ती जपून ठेवते, आणि मग ती कुणालाच मिळत नाही, मलाही नाही. तिचा दहावीचा दाखला मी इतका जपून ठेवला की नवीन काढावा लागला. तरीही मला लागलं. मनात म्हटलं, ठेव तुझ्याकडे. कुठे ठेवतेस ते मी विचारणारसुद्धा नाही. आणि नाही विचारलं. बघा, इथेच मी अबोला धरला होता, आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच साडीची पिशवी घेऊन दादरच्या पार्लरमध्ये गेली. तिथून थेट हॉलवर येणार होती. मी घरात नऊवारीला पिना लावत होते तेवढ्यात तिचा फोन आला. मागे केस सुकवायच्या मशीनचा आवाज चाललेला.

"आई, माझा क्लच राहिला गं. कपाटात आहे, मधल्या कप्प्यात. गोल्डन. तेवढा आण. सांभाळून आण हां, त्यात..."

"कळलं गं. क्लच ना? क्लच मला शिकवतेस?"

आणि मी फोन ठेवला.

मधल्या कप्प्यात सोनेरी क्लच होता. केसांचा. दातेरी, वर खोट्या मोत्यांची रांग, केसांचा अंबाडा गच्च धरून ठेवणारा. पार्लरमधली मुलगी, केसांचं काम चाललेलं, सोनेरी क्लच. याहून सरळ काही असू शकतं? त्याच्या शेजारी एक सोनेरी चपटी डबी होती, साखळीबिखळी नसलेली, पानाच्या डब्यापेक्षा जरा मोठी. ती मधे येत होती म्हणून मी उचलून बाजूला ठेवली. या हाताने. हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळलंसुद्धा. मला वाटलं, लिपस्टिक.

आता जे सांगायचं ते सोंग न आणता सांगते. त्या कपाटापुढे मला शंका आली होती. केसांच्या चिमट्यासाठी कुणी 'सांभाळून आण' म्हणेल का? आणि ते 'त्यात' काय होतं? उलट फोन करायला कितीसा वेळ लागला असता. विचारायचं एवढंच होतं, "कुठला क्लच गं?" पण तो प्रश्न माझ्या तोंडून निघेना. साऱ्या लालबागला जो शब्द मी कॉलरी धरधरून शिकवला, त्याचा अर्थ लेकीला विचारायचा? तिने वाकड्या ओठाने हसून 'आई, तुला नाही माहीत?' म्हटलं असतं तर? म्हणून मी शंकेवर उपाय काढला. कपाटातले केसांचे सगळे क्लच पिशवीत टाकले. सोनेरी, काळा, चॉकलेटी, आणि एक फुलपाखराचा.

हॉल दादरच्या एका गल्लीतला, लहानसाच. लेक पार्लरमधून आली ती मुहूर्ताच्या तोंडावर. मी दारात गुलाबपाणी शिंपडत होते. तिने लांबूनच भुवया उचलून विचारलं, आणलास? मी पिशवीवर थाप मारली, आणलाय. तिच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा आला तो बघून मला आतून असं वाटलं, बघ, दिली असतीस अंगठी तर तीही आणली असती.

ओटी भरली. मुलाकडच्यांनी दिलेली साडी नेसून लेक परत आली. साखरेचे पुडे झाले, पेढे झाले. माझ्या नऊवारीला लाल तिखटाचा वास येत होता, कारण वैशाखात आमच्या गल्लीतल्या चक्क्या दिवसभर मिरच्या दळतात आणि बंद कपाटातली साडीही त्यातून सुटत नाही. विहीणबाई माझ्याजवळ आल्या की रुमाल नाकाला लावत आणि "छान नेसलात" म्हणत. फोटो काढायला मीच माझा एक जुना विद्यार्थी लावला होता. आता दाढीवाला गृहस्थ झालाय, पण मी दिसले की अजून कॉलर सारखी करतो. त्याने व्हिडिओचा कॅमेरा लावला आणि म्हणाला, "चला, आता अंगठ्या."

जावयाने खिशातून डबी काढली. लेकीने माझ्याकडे हात पसरला. "आई, क्लच."

मी पिशवीत हात घातला आणि, देवा, हळूच काढून द्यायचा की नाही? पण समोर कॅमेरा, दोन्हीकडची माणसं, आणि मी. मी तो मोत्यांचा चिमटा उंच धरला, एकदा उघडझाप करून दाखवली, आणि तिच्या तळहातावर ठेवला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"आई, हे काय?"

"क्लच."

"माझा क्लच, आई. अंगठी त्यात आहे."

घोडपदेवहून आलेल्या माझ्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, पहिल्या रांगेत होत्या. त्यांना वाटतं आपण कानात बोलतो, पण ते सगळ्या हॉलला ऐकू जातं. "अगो, ह्यो चिमटो कित्याक आणलंस?"

मागे कुणीतरी हसलं. आमच्याकडचं असतं तर चाललं असतं, पण ते गिरगावकडचं होतं, तोंडावर हात ठेवून हसलेलं. आणि त्या हसण्याने माझ्यातली मास्तरीण उठून उभी राहिली. मी मुलीकडे न बघता सभेकडे वळले.

"हा क्लचच आहे," मी म्हटलं. "क्लच म्हणजे घट्ट पकडणे. हा केस घट्ट पकडतो, म्हणून क्लच. हिने क्लच सांगितला, मी क्लच आणला. शब्दाचा अर्थ बघाल तर..."

आणि मी अर्थ सांगू लागले. होल्डपासून. हॉलमध्ये मुलगी उभी, जावई हातात उघडी डबी घेऊन उभा, आणि मी होल्ड आणि ग्रिप यांतला फरक हाताने दाखवतेय. कुणीतरी कॉफी आणत होतं ते थबकलं. मी क्लिंगपर्यंत पोचले होते, पडदा शोधत होते म्हणा ना, तेव्हा विहीणबाईंनी काखेत धरलेली एक चपटी, रुपेरी डबी काढून माझ्यापुढे केली. शांतपणे, क्रियापदासकट म्हणाल्या, "विहीणबाई, क्लच म्हणजे ही पर्स. हिला पट्टा नसतो, हातात धरावी लागते, म्हणून हिला क्लच म्हणतात. तिची सोनेरी आहे."

माझ्या डोळ्यांपुढे ती मधल्या कप्प्यातली सोनेरी डबी आली, आणि तिच्यातली लिपस्टिक पुन्हा खुळखुळली.

तेवढ्यात आमचे हे उठले. त्यांनी मला काहीही विचारलं नाही, मुलीला विचारलं, "कुठे आहे?" ती म्हणाली, "मधल्या कप्प्यात." हे म्हणाले, "स्कूटरने जातो आणि येतो," आणि निघाले. जिन्यावरून परत आले.

"किल्ली?"

किल्ली मी जपून ठेवली होती. पिशवीत नव्हती. गुलाबदाणीच्या ताटात नव्हती. चिमटे एकेक बाहेर आले, काळा, चॉकलेटी, फुलपाखरू, आणि प्रत्येकाबरोबर वन्सं "अरे देवा" म्हणत गेल्या. शेवटी किल्ली माझ्याच कमरेला, रुमालाच्या गाठीत निघाली. हे गाठ सोडवत खाली वाकून पुटपुटले, "घट्ट बांधलीत. शिकवलेलं वाया नाही गेलं." एरवी मी हसले असते.

पाहुण्यांना कॉफीचा दुसरा फेरा सुरू झाला. मी बायकांच्या खोलीत जाऊन बसले. आरशात बघितलं तर खांद्यावरची पिन निघून आडवी झालेली, पदराला तिथे बोटभर फाटलेलं. मनात म्हटलं, पिनासुद्धा आजच दगा देणार.

लेक आत आली आणि दार लोटून उभी राहिली. मला वाटलं रडेल. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि माझी सुटका झाली असती. ती रडली नाही.

"तू फोनवर मला पुरं बोलू दिलं असतंस तर?"

"चुकलं माझं."

"बरं, कळलं नाही ना, मग परत विचारायचं. एवढंच. 'कुठला गं' म्हणून."

मी आडवी झालेली पिन चाचपू लागले.

"म्हणजे तुला शंका आली होती."

आई कितीही नाटकी असली तरी मुली पडद्याच्या मागूनच बघत वाढलेल्या असतात. मी मान हलवली.

"चिमटा आणलास त्याचं मला काही नाही, आई," ती म्हणाली. "पण नंतर तू शिकवत होतीस. माझ्या साखरपुड्यात. मी तिथे उभी होते." आणि गजरा सारखा करून बाहेर गेली.

मला आयुष्यात पुष्कळ वेळा लाज वाटली आहे, आणि प्रत्येक वेळी मी तिचा किस्सा करून टाकला आहे. सांगितला, लोक हसले, लाज गेली. ही जाईना. आरशासमोर बसून मी मनातल्या मनात हाच किस्सा सांगायला घेतला, अगदी आवाज लावून, आणि 'मी तिथे उभी होते' पाशी येऊन प्रत्येक वेळी अडकले.

मग विहीणबाई आल्या. "बाहेर या."

"मला लाज वाटते."

"वाटू दे. बाहेर येऊन वाटू दे. इथे पंखा नाही."

मी उठले. दारातून जाताना त्या म्हणाल्या, "ग्रास्प आणि ग्रिप यांतला फरक मला आज पहिल्यांदा कळला." हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. गिरगावात दोन्ही एकाच चमच्याने वाढतात.

हे घामाघूम होऊन आले. सोनेरी डबी त्यांनी शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणली होती. मला वाटलं माझ्या हातात देतील. त्यांनी ती सरळ मुलीला दिली. तिने खटका उघडला, आतून अंगठीची डबी काढली, आणि मग तिला दोन्ही हात मोकळे पाहिजे होते. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळ्यात जवळ मीच होते.

"धर जरा," ती म्हणाली.

तेवढंच. रिकामा झालेला क्लच. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

अंगठ्या झाल्या. टाळ्या झाल्या. मग फोटो. माझा विद्यार्थी सारखा म्हणत होता, "बाई, क्लच जरा खाली घ्या, दागिने दिसू द्या," आणि क्लच हा शब्द उच्चारताना स्वतःच लाल होत होता. मी घेत नव्हते. जेवणाच्या पंगतीत मी एका हाताने वाढलं. वन्संनी विचारलं, "गो, अंगठी तर कधीच भायर काढल्यान. आता ह्येच्यात काय आसा?" मी म्हटलं, काही नाही.

पाहुणे निघाले. लेक जावयाबरोबर पाया पडायला आली, उठली आणि हात पुढे केला. "आई, दे."

मी देत होते. खरोखर देत होते, पण बोटं उघडेनात. इतका वेळ आवळून ती ताठली होती, आणि खटक्याचा ठसा तळव्यात रुतला होता. ती ओढत नव्हती. हात तसाच पुढे धरून उभी होती.

"आई, सोड."

ह्यांनी मागून म्हटलं, "हळू, मास्तरीणबाई. गाडी बंद पडेल."

गिरगावकर या विनोदाला हसले नाहीत, कारण त्यांना तो माहीत नव्हता. मी एकेक बोट उघडलं.

हे इथे संपलं असतं तर मी आज हा किस्सा करून चाळीच्या गॅलरीत सांगत बसले असते. पण व्हिडिओ आला. विद्यार्थ्याने तो दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला, माझ्या धड्यासकट. कापायचं त्याच्या लक्षात आलं नाही, किंवा बाईंचं काही कापायचं नसतं असं त्याला वाटलं असेल. गिरगावहून अंगठे आले. मी तो बघायचा नाही असं ठरवलं, आणि त्याच दुपारी बघितला.

मला वाटलं होतं त्याहून मी चांगलं करत होते, हे आधी सांगते. ग्रिप तर फारच छान. मी पुन्हा मागे घेऊन ग्रिप बघितली. आणि तेव्हा मला हात दिसला. माझ्या खांद्यामागे, कोपऱ्यात, मेंदी लावलेला हात. तो माझा पदर मुठीत धरून होता. मी बोलतेय, हातवारे करतेय, आणि तो हात पदर ओढतोय. आधी हळू. मग जोरात. मी 'क्लिंग' म्हणून पुढे वाकले तेव्हा पिन निघाली आणि तो हात पदरासकट माझ्यामागे ओढला गेला. मी मागे वळूनही बघितलं नाही.

गर्दीत मूल आईचा पदर मुठीत धरतं ते क्लच, हे मी किती वर्गांना सांगितलं असेल. माझ्या पाठीशी ते चाललं होतं आणि मला कळलंसुद्धा नाही. मी त्याचा अर्थ सांगत होते.

संध्याकाळी लेक ऑफिसमधून आली तेव्हा मी फोन तिच्यापुढे धरला. "तू माझा पदर धरला होतास?"

"धरला? ओढत होते. पिन निघाली तरी तू थांबली नाहीस." तिने चपला काढल्या, पाण्याचा तांब्या घेतला. मग माझ्या तोंडाकडे बघून जरा नरमली. "जाऊ दे गं. त्यांच्याकडे सगळ्यांना तू आवडलीस. त्याची आत्या तर ती चिमट्याची उघडझाप करून दाखवते सगळ्यांना."

"तुला?"

"मला काय?"

"तुला आवडले?"

ती पाणी प्यायली. बाहेर गॅलरीत शिकवणीची मुलं जमू लागली होती, चपलांचा ढीग होत होता.

"लग्नात मी काही आणायला सांगितलं तर काय करशील?" तिने विचारलं.

"विचारीन."

"काय विचारशील?"

"कुठला."

"आणि पदर ओढला तर?"

"थांबीन. मागे बघीन." मग मी जरा धीर धरून म्हटलं, "लग्नातले दागिने माझ्याकडे ठेवशील?"

तिने तांब्या जागेवर ठेवला, दार उघडून मुलांना आत घेतलं, आणि जाता जाता म्हणाली, "बघू."

हा शब्द ती माझ्याकडूनच शिकली आहे. लहानपणी सायकल मागायची, सहलीला जाऊ का विचारायची, तेव्हा मी हाच म्हणायचे. त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको.